जोडीने मुंबई : पायपीट आणि एक नाटक



ऊसपीक स्पर्धेत नंबर काढणाऱ्या सभासदांना आपला कारखाना दरवर्षी अभ्यास सहलीस नेतो, हे आपणांस ठाऊक आहेच. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र, एखाद्या पुढारलेल्या गावातले ठिबकचे प्लॉट आणि येताना जेजुरी, अशी ती ठरलेली वाट. मे 2023 मध्ये मात्र गाळप आटोपल्यावर संचालक मंडळाने ही वाट बदलली. ठराव असा झाला की, यंदा विजेत्यांना मुंबई दाखवावी, एक चांगले मराठी नाटक दाखवावे आणि विजेता सपत्नीक आला तरच त्यास जागा द्यावी. जोडी नसेल तर नाव वगळावे!

त्या सहलीला आता काही काळ लोटला. तरी गटागटांतून आजही विचारणा होते, म्हणून हा वृत्तांत सविस्तर देत आहोत. दुसरेही एक कारण आहे, ते ओघाने येईलच.

ठराव गटात वाचून दाखवला त्या दिवसापासून शेती खात्याच्या टेबलापुढे रांग लागली. तक्रार एकच. नदीकाठच्या गटातले एक जुने सभासद म्हणाले, "साहेब, बक्षीस उसाला हाय न्हवं? मग बाईमाणसाला कशापायी न्यायाचं? थोरल्या भावाला नेतो की माझ्या." आम्ही म्हटले, "दादा, तुमच्या फडात भांगलण कोण करतं?" "बाया करत्यात." "बेणं डोळा पाहून कोण तोडतं? पहिली खताची मात्रा सरीत कोण टाकतं?" दादा हसले. म्हणाले, "तुमी वकील व्हायला पायजे हुता." पण नाव त्यांनी जोडीचेच दिले. सगळ्यांनीच काही दिले नाही. दोघांनी जागा सोडल्या, त्या पुढच्या नंबरांना गेल्या. शेवटी 22 जोड्या झाल्या. अट आम्हांलाही लागू असल्याने आमची मंडळीही बरोबर होती.

एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घेतली. शुक्रवारी रात्री कारखान्यावरून निघालो, शनिवारी उजाडताना दादरला उतरलो. उतरायची जागा स्टेशनजवळ असल्याने गाडीतून पाय खाली टाकला तोच फुलांचा बाजार! झेंडू, शेवंती, निशिगंध, गुलाब, नुसते ढीग. आमच्यातल्या एका काकींनी झेंडूच्या ढिगात हात घातला, फूल दाबून पाहिले, देठ मोडला आणि दर विचारला. दर ऐकल्यावर त्यांनी यजमानांकडे असे काही पाहिले की यजमानांनी मान वळवली. त्यांच्या घरी अर्धा एकर झेंडू गेल्या दसऱ्याला रानात नांगरून टाकला होता, हे नंतर कळले. मुंबई बघायला सुरुवात अशी झाली.

आंघोळी, चहा उरकून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला गेलो. येथे जाणाऱ्यांसाठी एक सूचना. सकाळी आठ ते अकरा या वेळेत मुंबईकडे तोंड करून जाणारी लोकल आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत उलट येणारी लोकल टाळावी. बायकांना बायकांच्या डब्यात बसवावे, पण एका जोडीतल्या दोघांनाही उतरायचे स्टेशन पाठ असले पाहिजे. आम्ही सातला चढलो म्हणून सगळे एकत्र उतरलो.

हे स्टेशन फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाने उभारले. 1878 साली काम सुरू झाले आणि पुरे व्हायला दहा वर्षे लागली. 2004 साली जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद झाली. आपल्याकडची बरीच माणसे येथून रोज धावत जातात व वर पाहतही नाहीत. आम्ही रस्त्यापलीकडे उभे राहून निवांत पाहिले. दगडात मोर, माकडे, पाने, वेली; आणि सर्वांत वर घुमटाच्या टोकावर एक बाई उभी, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हाताशी चाक. ती 'प्रगती'ची मूर्ती. "एवढ्या वर बाई चढवली व्हय!" असे कोणीतरी म्हणाले. हशा झाला.

हिंदुस्थानातली पहिली प्रवासी आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी याच जागेजवळच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली. हे पुष्कळांना माहीत असते. पण त्याच 1853 साली आपल्या बाजूचीही एक गोष्ट मुंबईला पोचली होती. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी 1843 साली तिथल्या संस्थानिकांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' केले आणि मराठी नाटक सुरू झाले. राजाश्रय सुटल्यावर भावे आपली मंडळी घेऊन फिरू लागले, आणि 1853 साली ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. म्हणजे नाटक हे काही मुंबईने आपल्याला दिलेले नाही. ते घाटावरून तिकडे गेलेले आहे. हे सांगितल्यावर मंडळींच्या चालण्यात जरा ऐट आली.

तेथून महात्मा फुले मंडई जवळच. इंग्रजी अमदानीत ही क्रॉफर्ड मार्केट. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर, त्याच्या नावाने 1869 साली बांधून झाली. प्रवेशद्वारावरच्या दगडात शेतकऱ्यांची चित्रे कोरली आहेत. ती लॉकवुड किपलिंग या कलावंताने केली, इंग्रजी लेखक रुडयार्ड किपलिंगचे हे वडील. आम्ही सगळे माना वर करून ती चित्रे पाहत होतो आणि हमाल आम्हांला धक्के देत होते. शेतकऱ्याचे चित्र कमानीवर आणि जिवंत शेतकरी वाटेतला अडथळा, असा प्रकार. घाऊक फळ-भाजी आता येथे उतरत नाही. तो बाजार 1990 च्या दशकात वाशीला हलला. किरकोळीची गर्दी मात्र आहे. मंडईला जोतीरावांचे नाव दिले ते योग्यच झाले. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी 1883 साली लिहून पुरा केला, त्यात कुणब्याच्या घरात पैसा कोणकोणत्या वाटांनी बाहेर जातो याचा हिशेब आहे. कुळंबिणीच्या कष्टावरही लिहिणारा तो माणूस. आजचे किती शेतीतज्ज्ञ तिच्यावर लिहितात?

मग चालत चालत हुतात्मा चौकात आलो. मधला फोर्टचा रस्ता कमानींखालून जातो, ऊन लागत नाही. चौकातले कारंजे 1864 सालचे, फ्लोरा फाउंटन. त्याच्या शेजारी हुतात्मा स्मारक. 21 नोव्हेंबर 1955 रोजी येथे संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी आलेल्या जमावावर गोळीबार झाला, आणि पुढे त्या लढ्यात ज्यांनी प्राण दिले त्यांचे हे स्मारक. 1 मे 1960 ला राज्य मिळाले ते या रक्तावर. स्मारकात दोन पुतळे आहेत, एक कामगार व एक शेतकरी, दोघांच्या हाती मिळून मशाल. सर्वांनी चपला काढून नमस्कार केला. खोडव्याच्या स्पर्धेत दुसऱ्या आलेल्या सभासदांच्या पत्नी बराच वेळ पुतळ्याकडे पाहत होत्या. त्यांनी विचारले, "शेतकरी म्हटलं की गडीच का करत्यात, साहेब?" आम्ही पाण्याची बाटली पुढे केली.

येथून पुढचा भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटला. सभासदांनीही तो नीट समजून घ्यावा.

हॉर्निमन सर्कल म्हणून एक गोल बाग आहे. तिच्या एका अंगाला टाऊन हॉल, 1833 साली बांधून झालेला, उंच पायऱ्यांचा; तेथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. याच भागात झाडाखाली जमून दलाल शेअरांचे सौदे करीत. त्यातूनच 1875 साली दलालांची संघटना स्थापन झाली, तोच आजचा शेअर बाजार. त्याची उंच इमारत येथून फार लांब नाही. आता हा पैसा मूळचा कोठून आला? कापसातून. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस थांबला, विलायतेतल्या गिरण्या अडल्या आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांचे भाव आभाळाला भिडले. 1865 साली युद्ध संपले आणि कापसाचा भाव कोसळला. बँका बुडाल्या, बडे बडे शेटजी धुळीला मिळाले. त्यांतले सर्वांत मोठे नाव प्रेमचंद रायचंद. त्यांनी दिलेल्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. नाव त्यांच्या आईचे. 1878 साली तो पुरा झाला, उंची 280 फूट. आईंना दिसत नसे, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा त्यांचा नेम होता आणि घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळे, असे सांगतात.

शेटजी बुडाले तरी मनोरा राहिला. पण त्या तेजीत कर्ज काढून बसलेल्या आपल्या कुणब्याचे काय झाले? भाव गेला, सारा वाढला, सावकार दाराशी आला. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, रोखे जाळले, आणि तो वणवा पुणे-नगरकडच्या गावांत पसरला. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. म्हणजे 1875 साली इकडे दलालांची संघटना झाली आणि त्याच साली तिकडे खतावण्या जळाल्या! बागेच्या कठड्यावर बसून आम्ही हे सांगत होतो तेव्हा एक पोलीस येऊन विचारून गेला की, सभा आहे काय.

सभा नव्हती, पण चर्चा झाली. एका तरुण सभासदाने प्रश्न केला, "इथला शेअर आन आपला शेअर, फरक काय?" फरक मोठा आहे. येथे ज्याचे शेअर जास्त त्याची मते जास्त. आपल्याकडे एक सभासद, एक मत; शेअर एक असो वा दहा. 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेला सहकारी कारखाना उभा केला, धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थशास्त्रज्ञ पाठीशी उभे राहिले, ते याच तत्त्वावर. पिकवणारा तोच मालक. दलालाच्या झाडाखाली बसून हे सांगताना छाती भरून आली, खोटे का बोला. तेवढ्यात मघाच्याच बाई म्हणाल्या, "मग आमी कोण? आमचं मत कुटं हाय?" त्यांचे यजमान म्हणाले, "माझं तेच तुझं." बाई गप्प बसल्या. पण ते गप्प बसणे आमच्या ध्यानात राहिले.

आमच्या दप्तरात पाहिले तर गोष्ट साधी आहे. सभासद व्हायला पोटनियमाप्रमाणे कार्यक्षेत्रात स्वतःच्या नावे जमीन लागते. जमीन सातबाराला ज्याच्या नावे, ऊस नोंद त्याच्या नावे. नोंद त्याची म्हणून बिल त्याच्या खात्यावर, बक्षीस त्याला आणि वार्षिक सभेत हातही त्याचाच वर. भांगलण, बांधणी, पाचट पसरणे, बेणे, खत आणि जनावरांचे शेणपाणी हे जिने केले तिचे नाव आमच्या एकाही रजिस्टरात येत नाही. हा काही एका कारखान्याचा दोष नव्हे, तरीही रजिस्टर आमचेच आहे.

गेट वेला पोचेस्तोवर दुपार झाली. राजा पंचम जॉर्ज 1911 साली आला त्याची ही आठवण. कमान पुरी झाली 1924 साली, आणि स्वातंत्र्यानंतर फेब्रुवारी 1948 मध्ये गोऱ्या सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. समुद्र बहुतेक बायकांनी पहिल्यांदाच पाहिला. कोणी पाणी डोळ्यांना लावले, कोणी ओंजळीत घेऊन चाखून पाहिले व थुंकले. "एवढं पानी, आन पिकाला उपेग न्हाई," हा शेरा अगदी शेतकऱ्याच्या बाईचा!

एक गोष्ट मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. एवढ्या पायपिटीत पुरुषांची सोय जागोजागी होती, पण बायकांना स्वच्छतागृह म्हणून विचारावे तर बोट लांब कोठेतरी जाई. एका ठिकाणी कुलूप, दुसरीकडे पाणी नाही. बायका सकाळपासून पाणी पीत नव्हत्या हे आमच्या मंडळींकडून कळले तेव्हा वाईट वाटले. पुढची सहल आखताना स्टेशने, मोठी उपाहारगृहे यांच्या जागा आधी पाहून मगच चालण्याचा रस्ता ठरवावा. हीच गोष्ट आपल्या ऊसतोडणीच्या फडालाही लागू आहे, हे येथेच नोंदवून ठेवतो.

आता नाटक.

रात्रीचा प्रयोग दादरच्या श्री शिवाजी मंदिरात. 1965 साली सुरू झालेले हे नाट्यगृह म्हणजे मराठी नाटकाचे माहेरघर. खाली दुकाने, जिना चढून वर जायचे. नाटक 'संगीत देवबाभळी'. लेखक-दिग्दर्शक नाशिकचे प्राजक्त देशमुख. आधी ही एकांकिका होती, तिचे पुढे मोठे नाटक झाले आणि ते 2017 साली भद्रकाली प्रॉडक्शन्सने रंगभूमीवर आणले. मच्छिंद्र कांबळींची ही संस्था, 'वस्त्रहरण'वाली. देशमुखांना या नाटकाबद्दल साहित्य अकादमीचा 2020 चा युवा पुरस्कारही मिळाला. संगीत आनंद ओक यांचे. आणि नाटकात माणसे किती? फक्त दोन. दोन्ही बायकाच! शुभांगी सदावर्ते आवली झाल्या होत्या आणि मानसी जोशी लखुबाई.

आधी कुरकुर झाली होती, ती लपवत नाही. काही पुरुष मंडळींना विनोदी नाटक हवे होते. दोनच बाया दोन तास काय बोलणार, असेही एक जण म्हणाले. त्यांच्या पत्नींनी तिथल्या तिथे उत्तर दिले, ते छापत नाही.

कथा अशी. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर अभंगात रमलेले. आवली भाकरी घेऊन त्यांना शोधत डोंगर चढते. वाटेत बाभळीचा काटा तिच्या पायात रुततो. तो काटा प्रत्यक्ष विठ्ठल येऊन काढतो. इकडे पंढरपुरात रखुमाईला हे सलते, कोण ही बाई जिच्या पायाला देवाने हात लावला! मग जखम बरी होईस्तोवर लखुबाई या नावाने रखुमाईच आवलीच्या घरी कामाला येऊन राहते. आवलीला ती कोण हे ठाऊक नाही. ही विठ्ठलाला शिव्या घालणारी आणि ती विठ्ठलावर रुसलेली. एकीचा नवरा देवाच्या नादी लागलेला, दुसरीचा नवरा भक्तांच्या. मग त्या घरात दळण, सरपण, पाणी, चूल करता करता दोघींचे जे बोलणे होते, ते नाटक.

देऊळ नाही, दरबार नाही, तलवार नाही. कामाचा रगाडा आणि मधूनमधून गाणे. पण पहिल्या पंधरा मिनिटांत आमच्या ओळीतली खुसपूस थांबली. काटा रुतला तेव्हा शेजारच्या काकींनी स्वतःचा पाय वर ओढून घेतला. त्या पायाची टाच आम्ही पाहिली होती, भेगाळलेली. उसाच्या रानात वावरलेल्या बाईला काटा म्हणजे काय हे नटीने दाखवावे लागत नाही. उसाचे पात कोपरापर्यंत कापत जाते, जुन्या फडातले धसकट तळव्यात शिरते, आणि संध्याकाळी दिव्यापुढे बसून सुईने काढायचे. वर गरम गुळाचा चटका. मागच्या रांगेतून आवाज आलाच, "बिब्बा लाव म्हणावं तिला." दोन मुंबईकरणींनी मागे वळून पाहिले, आणि मग त्याही हसल्या.

मध्यंतरात बटाटेवडे खाताना जी चर्चा झाली ती ऐकण्यासारखी होती. सोसायटीचे चेअरमन असलेल्या एका सभासदांच्या पत्नी इतर बायकांना म्हणाल्या, "तुकोबा डोंगरावर गातोय आन ही घरात खपतीया. आमच्यात एवढाच फरक, आमच्यात गाणं न्हाई, इलेक्शन हाय." चेअरमनसाहेब वडा तोंडात धरून उभेच. पण त्यांनी ते हसण्यावारी नेले नाही, हे त्यांच्याविषयी सांगितले पाहिजे.

उत्तरार्धात मात्र कोणी हसले नाही. आम्ही आजवर तुकोबांचे चरित्र ऐकले ते कीर्तनात. तेथे आवली येते ती कजाग बायको म्हणून, हशा पिकवायला. येथे कळते की, घरात धान्य नसताना पोरांच्या तोंडात घास घालणारी तीच, आणि रोज डोंगरावर भाकरी नेणारीही तीच. ती भाकरी वर गेली नसती तर? नाटकात हे कोणी भाषण करून सांगत नाही. लखुबाईला, म्हणजे देवाच्या बायकोला, ते कळत जाते आणि तिच्या चेहऱ्यावर ते आपल्याला दिसते. पडदा पडला तेव्हा आमच्या रांगेतल्या बायका उठेनात. पुरुष जिन्यात येऊन थांबले. ज्या दादांना थोरल्या भावाला आणायचे होते, ते पायरीवर बसून टोपीने डोळे पुसत होते. आम्ही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी परत निघण्यापूर्वी एका सभासदांनी हट्ट धरला की, लोअर परळला जाऊ. त्यांचे वडील तेथल्या एका गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले हजारो पुन्हा आत गेलेच नाहीत. आपल्या भागात त्या वर्षी कितीतरी घरांत बिऱ्हाड परत आले, हे वयस्कर सभासदांना आठवत असेल. सभासदांना गिरणीचे गेट पाहायचे होते. गेट नव्हते. चिमणी एका बाजूला जपून ठेवलेली, बाकी काचेच्या इमारती आणि गाड्यांची रांग. ते बराच वेळ चिमणीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमी समदी म्हणायचो, बापानं मुंबईत राबून रान घेतलं. बाप मनीऑर्डर धाडायचा खरं. पर वीस वरीस रान आईनं केलं. हिर काढली तवा आई खाली उतरून माती भरत हुती. सातबाऱ्याला बाप, मग आमी तिघं भाऊ. आई कुटंच न्हाई." शेजारी त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "चला, गाडी थांबलीया."

परतीच्या वाटेवर खंबाटकी ओलांडेपर्यंत गाडीत कोणी फारसे बोलले नाही. पुढे सातारच्या अलीकडे मागच्या सीटवरच्या बायकांनी अभंग धरले आणि मग मात्र कारखान्याच्या गेटापर्यंत खळ नाही.

आता सुरुवातीला म्हटलेले ते दुसरे कारण. सहलीहून आल्यावर चार सभासद आमच्याकडे येऊन एकच गोष्ट विचारून गेले : मालकिणीचे नाव सातबाराला लावायचे तर काय करावे लागते? त्यांत चिमणीपाशी उभे राहिलेले सभासद होते आणि टोपीवाले दादाही. म्हणून येथे छापत आहोत. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली, गावोगावच्या पुरुषांनी आपखुशीने बायकांच्या नावे जमिनी केल्या, आणि त्यानंतर 1992 साली राज्य शासनाने लक्ष्मी मुक्ती योजना आणली. तिच्याखाली पतीने स्वतः अर्ज केल्यास पत्नीचे नाव सातबारावर सहहिस्सेदार म्हणून लागू शकते. अर्ज पतीचाच लागतो, जबरदस्ती नाही. बऱ्याच सभासदांना भीती वाटते की, नाव लावले म्हणजे जमीन हातची गेली, माहेरचे येऊन बसतील, भाऊबंदकी वाढेल. चौघांपैकी एकाने याच भीतीने अर्ज परत घेतला. त्यांच्या घरचा तो प्रश्न आहे, आम्ही नावे ठेवत नाही. तिघांची नावे लागली. त्यानंतर त्यांच्या मालकिणींनी सभासदत्वाचे अर्ज कारखान्याकडे दिले आहेत.

जमीन एकत्र खात्यात असेल, गहाण असेल किंवा सोसायटीचे कर्ज असेल, तर आधी तलाठ्याकडे व सोसायटीत चौकशी करून मगच अर्ज लिहावा. अर्ज कसा लिहायचा ते प्रत्येक गट ऑफिसात ओव्हरसिअर सांगतील. ऊस नोंद पूर्वीच्या नावे असलेल्यांनी नाव बदलल्याबरोबर आम्हांस कळवावे, नाहीतर तोडणीच्या वेळी पावतीचा घोळ होतो व चिटबॉयला शिव्या बसतात.

पुढील सहलीचा विषय संचालक मंडळापुढे ठेवला आहे. जोडीची अट काढावी असे दोन अर्ज आले आहेत, ठेवावी असे एकोणीस. त्या एकोणिसांतले अकरा अंगठ्याचे अथवा सहीचे अर्ज सभासदांच्या घरच्या बायकांचे आहेत. त्या सभासद नसल्याने ते अर्ज दाखल करून घेता येतील काय, असा मुद्दा निघाला होता. आम्ही ते दाखल करून घेतले आहेत.